घरातलं जुनं व्यक्तिचित्र संग्रहालयाला उसनं देण्याआधी

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, शहापूर या बेळगावकडच्या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांत, वाचनालयांत आणि शाळांच्या सभागृहांत माणसांची तैलचित्रं अजून टांगलेली दिसतात. कुठे देसाई-इनामदार, कुठे संस्थेचे संस्थापक, कुठे शाळेला जागा देणारे सावकार. आबालाल रहिमान, बाबुराव पेंटर या चित्रकारांचं कोल्हापूर इथून जवळ, सांगली-मिरजेची संस्थानं शेजारी, आणि बेळगावात के. बी. कुलकर्णींनी पुढे शिष्यांची पिढीच तयार केली. त्यामुळे या भागात चांगल्या हातची व्यक्तिचित्रं भरपूर आहेत. त्यांचे कागद मात्र कमी आहेत.

एखादं संग्रहालय किंवा कलादालन असं चित्र प्रदर्शनासाठी मागतं तेव्हा पहिला प्रश्न असतो की हे याआधी कुठे लागलं होतं? घरातून उत्तर येतं, ‘मुंबईला लागलं होतं म्हणे, बक्षीसही मिळालं होतं.’ हे ‘म्हणे’ कॅटलॉगमध्ये छापता येत नाही. ते खरं की खोटं हे शोधायचं कसं, चित्राची नोंद करायची कशी आणि चित्र धड जाऊन धड परत यावं म्हणून काय करायचं, हे पुढे दिलं आहे.

आधी फ्रेमवाल्याकडे नेऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पाहुणे बघायला येणार म्हणून चित्र आदल्या आठवड्यात फ्रेमच्या दुकानात जातं. दुकानदार मागचा कुजका पुठ्ठा काढून फेकतो, नवा हार्डबोर्ड ठोकतो, जुनी चौकट बदलतो, पुढून ओल्या फडक्याने पुसतो आणि वर चकचकीत व्हार्निशचा हात मारून देतो. चित्र छान दिसतं. पण प्रदर्शनाची चिठ्ठी, रेल्वेच्या पार्सलचा कागद, मूळ फ्रेम करणाऱ्याचं नाव हे सगळं त्या फेकलेल्या पुठ्ठ्यावर असतं, आणि ते परत मिळण्याचा कुठलाच मार्ग उरत नाही. धूळ असू दे, जाळी असू देत. चित्र जसं आहे तसंच खाली उतरवा.

उतरवताना दोघं हवेत. फ्रेमच्या उभ्या बाजू दोघांनी दोन्ही हातांनी धरायच्या. वरच्या पट्टीला धरून चित्र कधीही उचलायचं नाही, कारण जुन्या फ्रेमचे कोपरे तिथेच निखळतात. भिंतीतली खुंटी आणि मागची तार दोन्ही आधी हाताने चाचपून बघा. गंजलेली तार चित्र हलवल्याबरोबर तुटते. टेबलावर जाड चादर घाला आणि चित्र त्यावर आधी उभं टेकवून पुढून बघा. रंग पापुद्र्यासारखा उचललेला दिसला तर चित्र पालथं घालू नका. पापुद्रे खाली गळतील. अशा वेळी चित्र उताणंच ठेवायचं आणि संवर्धकाला, म्हणजे जुन्या चित्रांची शास्त्रशुद्ध दुरुस्ती करणाऱ्याला, बोलवायचं. रंग घट्ट असेल तर फ्रेमच्या चारी कडांखाली गुंडाळलेले टॉवेल ठेवून चित्र पालथं करा, म्हणजे रंगाचा पृष्ठभाग टेबलाला टेकणार नाही.

पाठ वाचायची

मागचा पुठ्ठा काढायच्या आधी सगळ्या पाठीचा एक फोटो, मग चार कोपऱ्यांचे चार आणि प्रत्येक चिठ्ठीचा वेगळा फोटो काढा. प्रत्येक फोटोत एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने फक्त लाकडावरची झटका. कॅनव्हासच्या मागून ब्रश दाबला तर पुढे तडे जातात. कुंभारीण माशीचं मातीचं घर, पालीची अंडी हे आपल्याकडे हमखास सापडतं. ते कॅनव्हासला चिकटलेलं असेल तर खरवडू नका.

आता काय शोधायचं ते बघू. कॅनव्हासच्या मागे शाईचा शिक्का असू शकतो. विन्सर अँड न्यूटन, रीव्ह्ज, राउनी अशा विलायती कंपन्यांचा तयार कॅनव्हास इथे येत असे. विन्सर अँड न्यूटनच्या शिक्क्यात ‘लिमिटेड’ असेल तर कॅनव्हास १८८२ नंतरचा, कारण कंपनी लिमिटेड झाली ती त्या वर्षी. शिक्क्यावरून कॅनव्हासचं वय कळतं, चित्राचं नाही. तयार कॅनव्हास दुकानात किंवा चित्रकाराकडे काही वर्षं पडून राहू शकतो.

लाकडी चौकट बघा. आतल्या कोपऱ्यांत बारीक लाकडी पाचरी असतील तर ती ताण देता येणारी चौकट आहे. पाचरींची जागा रिकामी असेल आणि चित्राच्या खालच्या कडेला पुढून टेंगूळ आलेलं दिसत असेल, तर निसटलेली पाचर कॅनव्हास आणि खालची पट्टी यांच्यामध्ये जाऊन बसली आहे. ती उलथन्याने उपसायला जाऊ नका. कॅनव्हास लोखंडी चुकांनी (बारीक खिळ्यांनी) बसवला आहे की स्टेपलरच्या पिनांनी, तेही नोंदवा. जुन्या म्हणवणाऱ्या चित्राला पिना मारलेल्या असतील तर ते कधीतरी चौकटीवरून काढून पुन्हा ताणलं गेलं आहे. कडेला चुकांच्या जुन्या रिकाम्या भोकांची रांग दिसली की खात्रीच.

मग चिठ्ठ्या. हा सगळ्यात मोलाचा भाग, आणि सीमाभागात त्या वाचायचा एक सोपा मार्ग आहे, तो म्हणजे पत्ता. इथे राज्यं आणि नावं इतक्या वेळा बदलली की पत्त्यावरूनच काळ कळतो. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ स्वातंत्र्याच्या आधीची. ‘मैसूर स्टेट’ असेल तर चिठ्ठी १ नोव्हेंबर १९५६ नंतरची, कारण बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तो त्या दिवशी. ‘कर्नाटक’ राज्य म्हणून छापलं असेल तर नोव्हेंबर १९७३ नंतरची. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘बेळगावी’ असं अधिकृत नाव असेल तर नोव्हेंबर २०१४ नंतरची. भाडं किंवा किंमत आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीची, कारण नवे पैसे एप्रिल १९५७ ला आले.

रेल्वेच्या पार्सल चिठ्ठीवरून आणखी नेमकं कळतं. सदर्न मराठा रेल्वे १९०८ मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. या नावाची रेल्वे एप्रिल १९५१ मध्ये सदर्न रेल्वेत गेली, आणि १९६६ मध्ये आपला भाग साउथ सेंट्रलकडे आला, २००३ पासून तो साउथ वेस्टर्नकडे आहे. एम. अँड एस. एम. ची चिठ्ठी चिकटलेली असेल तर चित्र त्या दरम्यान कधीतरी रेल्वेने प्रवास करून आलं. कुठून कुठे, ते स्टेशनच्या नावावरून.

संग्रहालयांची नावंही बदलली. मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ ला लोकांसाठी उघडलं आणि १९९८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं. भायखळ्याचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. तेव्हा ‘१९४० मध्ये जहांगीरला लागलं होतं’ असं कोणी सांगितलं तर वर्ष किंवा जागा, दोन्हींपैकी एक चुकीचं आहे.

एक सावधगिरी. नवं नाव हा पक्का पुरावा असतो, त्याच्या आधी ती चिठ्ठी छापलीच गेली नसती. जुनं नाव मात्र कच्चा पुरावा, कारण छापून ठेवलेल्या चिठ्ठ्या संपेपर्यंत लोक वापरत राहतात. शेवटी, शक तारीख असेल तर ७८ मिळवा. शके १८५० म्हणजे १९२८-२९. वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पौषाच्या पुढे ७९ धरायचे.

हे नक्की तैलचित्र आहे का?

हा प्रश्न विचारला की घरच्यांना राग येतो, पण तो संग्रहालय विचारणारच. दहा पट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग घ्या आणि गाल, डोळ्याची कड, पागोट्याची घडी अशा तीन जागा बघा.

रंगाचे लहान-मोठे ठिपके शेजारी शेजारी पसरलेले दिसले तर तो शिळाछाप आहे, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, ओलिओग्राफ. त्यावर कॅनव्हाससारखा खरबरीतपणा दाबून उठवलेला आणि वर व्हार्निश मारलेलं असतं, म्हणून लांबून फसायला होतं. देवादिकांच्या चित्रांत हे जास्त, राजे-पुढाऱ्यांच्या चित्रांतही सापडतं. ठिपके नाहीत, पण चेहऱ्याच्या सावल्या अगदी गुळगुळीत, ब्रशची खूण नाही, आणि रंग फक्त कपड्यांवर व पार्श्वभूमीवर जाड, असं असेल तर तो मोठा केलेला फोटो वरून रंगवलेला आहे. आपल्या भागात असे रंगवलेले फोटो फार झाले. वारल्यानंतर एखाद्या लहान फोटोवरून मोठं चित्र करून घ्यायची रीत होती. तो खोटा प्रकार नाही, त्यालाही संग्रहालयात जागा आहे. फक्त माध्यम म्हणून ‘तैलरंग’ लिहायचं नाही.

खरं तैलचित्र असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, जवळजवळ चित्राला समांतर धरा. ब्रशचे फटकारे, तडे, जुनी दुरुस्ती, कॅनव्हासला पडलेले पोचे सगळं उठून दिसतं. याच प्रकाशात एक फोटो काढून ठेवा, पुढे स्थितीनोंदीत, म्हणजे चित्राच्या अवस्थेच्या लेखी नोंदीत, लागतो. ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मिळाली तर तीही मारून बघा. जुन्या राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, त्यावर नंतर केलेली डागडुजी काळे डाग होऊन दिसते. सही त्या व्हार्निशच्या वर तरंगत असेल, खालच्या तड्यांमध्ये सहीचा रंग उतरला असेल, तर सही मागाहून कोणीतरी घातली आहे.

कपाळावरचा टिळा

हे पुस्तकांत सापडत नाही, पण इथल्या प्रत्येक दुसऱ्या चित्रावर असतं. पितृपक्षात, पुण्यतिथीला चित्राला हार घातला जातो आणि कपाळाला गंध-कुंकू लावलं जातं. काच असेल तर काचेवर राहतं. काच नसेल तर थेट रंगावर. वर्षानुवर्षांचं कुंकू, चंदन आणि उदबत्तीच्या धुराची काजळी यांचा थर घट्ट होतो. ओल्या हारातलं पाणी खालच्या कडेने कॅनव्हास आणि चौकटीच्या फटीत उतरतं, म्हणून आपल्याकडच्या चित्रांचा खालचा दोन-तीन इंच भाग सगळ्यात आधी सुटतो.

हा थर घरी काढायचा नाही. बटाट्याची फोड, कांदा, पाव, थुंकी, खोबरेल, रॉकेल, साबणाचं पाणी हे सगळे उपाय लोक सुचवतात आणि सगळ्यांनी नुकसान होतं. पाणी तड्यांतून खालच्या सरसाच्या थरात जातं, तो फुगतो आणि रंग सोडतो. तेल चकाकी आणतं पण ते पिवळं पडतं आणि धूळ धरून ठेवतं. टिळ्याची नोंद स्थितीनोंदीत करा, फोटो घ्या आणि संवर्धकाला विचारा. काही संग्रहालयं तो टिळा मुद्दाम तसाच ठेवतात, कारण चित्र घरात कसं वापरात होतं हे त्यावरून दिसतं. आमच्या मते हेच बरोबर, पण घरच्यांची इच्छा आधी विचारली पाहिजे.

पुढच्या पुण्यतिथीपासून मात्र हार फ्रेमपासून सुटा, वरच्या वेगळ्या खिळ्यावरून सोडा, कोरडा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी काढा.

चित्रात कोण आहे

‘आमचे पणजोबा’ हे उत्तर पुरेसं नाही. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे एकाच घरात एक पिढी सोडून बाळकृष्ण रामचंद्र पुन्हा बाळकृष्ण रामचंद्रच असतो. चिठ्ठीवर ‘श्रीमंत बाळासाहेब देसाई’ एवढंच असेल तर तिघांपैकी कोणीही असू शकतो. वंशावळ काढा, प्रत्येकाचं जन्म-मृत्यूचं साल लावा, मग कपडे आणि पगडीची तऱ्हा, हातातली वस्तू, चित्राचा काळ यांवरून जुळवा. घरात त्याच माणसाचा जुना फोटो असेल तर बाजूला ठेवून बघा. बरीच चित्रं फोटोवरूनच केलेली असतात आणि बसण्याची ढब तंतोतंत जुळते.

चित्रकाराचं नाव लावताना हात आणखी आखडता घ्या. सही, पाठीवरचा मजकूर किंवा पैसे दिल्याची पावती, यांपैकी एक तरी हवं. नाहीतर ‘यांचं मानलं जातं’ असं लिहा, किंवा ‘कोल्हापूर परंपरेतला अज्ञात चित्रकार’. मोठं नाव लावलं की किंमत वाढते हे खरं, पण चुकीचं नाव एकदा छापलं की किती चिकटून राहतं याचा नमुना म्हैसूरला आहे. जगनमोहन राजवाड्यातलं, हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचं चित्र असंख्य लोक आजही रविवर्म्याचं म्हणून सांगतात. ते सा. ल. हळदणकरांचं आहे, आंबोली घाट उतरलं की लागणाऱ्या सावंतवाडीचे हे चित्रकार. मॉडेल त्यांची मुलगी, माध्यम जलरंग आणि काळ १९४० च्या दशकाचा मध्य. रविवर्मा गेला १९०६ मध्ये. दालनात रविवर्म्याची खरी चित्रं शेजारीच असल्याने गैरसमज पक्का झाला. माध्यम आणि साल एवढ्या दोन गोष्टी बघितल्या असत्या तरी चूक टळली असती.

प्रदर्शनाचा इतिहास लावायचा कसा

पाठीवरच्या चिठ्ठीतून धागा मिळाला की कागदाकडे वळायचं. सगळ्यात भक्कम पुरावा छापील कॅटलॉगचा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची. तिच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र लागलं असेल तर त्या वर्षीच्या कॅटलॉगमध्ये चित्रकाराचं नाव, शीर्षक आणि क्रमांक शोधायचा. अडचण अशी की कॅटलॉगमध्ये व्यक्तिचित्राचं शीर्षक बऱ्याचदा ‘एका गृहस्थाचं व्यक्तिचित्र’ एवढंच असतं. मग चित्राच्या पाठीवर तोच क्रमांक खडूने किंवा गोल चिठ्ठीवर आहे का, हे बघावं लागतं. क्रमांक जुळला तरच नोंद पक्की.

कॅटलॉग नसेल तर वर्तमानपत्रं. बेळगावचा ‘तरुण भारत’ १९१९ पासूनचा आहे, त्याआधीच्या काळासाठी ‘बेळगाव समाचार’ आणि पुण्याचा ‘केसरी’. मुंबईच्या प्रदर्शनांची परीक्षणं इंग्रजी वर्तमानपत्रांत सविस्तर येत. तारीख माहीत नसेल तर अंक चाळण्यात महिने जातात, म्हणून चिठ्ठीवरून निदान वर्षाचा पट्टा आधी ठरवा. संस्थानी कागदही विसरू नका. आज बेळगाव शहरात असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. तिथल्या घराण्याच्या चित्राचा मागमूस बेळगावच्या सरकारी दप्तरात मिळेलच असं नाही, सांगलीच्या कागदांत मिळू शकतो. तीच गोष्ट कोल्हापूर, जमखंडी, रामदुर्ग, कुरुंदवाडची. घरातल्या जमाखर्चाच्या वह्या तर सोन्यासारख्या. ‘तसबीर मुंबईस पाठविणे, हमाली व भाडे’ अशी एक ओळ निघाली तरी तारीख मिळते. मोडी येत नसेल तर मोडीवाचक गाठा, अंदाजाने वाचू नका.

नोंद लिहिताना प्रत्येक प्रदर्शनासाठी एकच ओळ, जुन्याकडून नव्याकडे: शहर, संस्था, प्रदर्शनाचं नाव जसं छापलं होतं तसं, पहिला आणि शेवटचा दिवस, कॅटलॉग क्रमांक, त्या वेळी कोणत्या चित्रकाराच्या नावाने आणि कोणत्या शीर्षकाने लागलं, उसनं देणाऱ्याचं नाव जसं छापलं होतं तसं. शेवटी पुरावा कोणता. ही शेवटची जागा लोक गाळतात आणि तीच महत्त्वाची. ‘पाठीवरची चिठ्ठी’, ‘कॅटलॉग, पान अमुक’, ‘वर्तमानपत्र, तारीख अमुक’ किंवा ‘घरातलं सांगणं’. घरातलं सांगणं टाकून द्यायचं नाही, पण ते वेगळ्या रकान्यात ठेवायचं. मालकी कोणाकडून कोणाकडे गेली तो इतिहास आणि हे चित्र कुठे छापलं गेलं ती यादी, या दोन्ही याच्याशी मिसळू नका. दिवाळी अंकात छापलं गेलं म्हणजे प्रदर्शनात लागलं असं होत नाही.

नावांच्या लिखाणात कानडी, मराठी, इंग्रजी तिन्ही रूपं द्या. कर्नाटकातल्या संग्रहालयाची पाटी कानडी-इंग्रजीत लागेल आणि तिथे उलटसुलट अक्षरांतर झालं की पुढच्या शोधणाऱ्याला तुमचं चित्र सापडणार नाही. जुन्या चिठ्ठीवरचं ‘बेळगांव’ बदलून ‘बेळगावी’ करू नका. जे लिहिलंय तेच उतरवायचं.

कायद्याचं थोडं

चित्राला शंभर वर्षं झाली असतील तर १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली ते पुरावस्तू ठरतं आणि त्याची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी लागते. फोटो आणि मापं तुमच्याकडे आता आहेतच. देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्म्यासह नऊ चित्रकारांची चित्रं वयाची अट नसतानाही बाहेर नेता येत नाहीत. कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला नेण्याला मात्र हा निर्बंध नाही. तिथे फक्त गाडीत संग्रहालयाचं पत्र आणि ‘प्रदर्शनासाठी उसनं, विक्रीसाठी नाही’ असं लिहिलेला चलनाचा (माल नेण्याच्या पावतीचा) कागद असू द्या.

छापण्याचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. बाबुराव पेंटर १९५४ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांची मुदत २०१४ अखेर संपली. एक गोष्ट बऱ्याच घरांना ठाऊक नसते. १९५७ च्या कायद्याप्रमाणे पैसे देऊन कोणी स्वतःहून व्यक्तिचित्र करवून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्कदार करवून घेणारा असतो, चित्रकार नव्हे.

स्थितीनोंद आणि करार

मापं सेंटिमीटरमध्ये, आधी उंची, मग रुंदी. फ्रेमसकट, फ्रेमशिवाय कॅनव्हासचं, आणि फ्रेममधून दिसणारं, अशी तीन मापं. जुन्या कॅटलॉगमधलं माप कधी यातलं एक असतं तर कधी दुसरं, आणि इंचात असतं. तिन्ही असली तर जुळणी होते. मग चित्राच्या फोटोची मोठी प्रत काढून तिच्यावर लाल पेनाने प्रत्येक तडा, भोक, डाग, सुटलेला रंग दाखवा आणि बाजूला माप लिहा. ‘स्थिती चांगली’ असं मोघम लिहिलेल्या कागदावर कुठलाही दावा टिकत नाही. चित्र घरातून निघताना, तिथे पोचल्यावर, तिथून निघताना आणि परत आल्यावर अशी चार वेळा हीच नोंद तपासून दोघांच्या सह्या.

करारात किती दिवसांसाठी, कुठल्या दालनात, वाहतुकीचा खर्च कोणाचा, फोटो कोण काढणार, श्रेय कसं छापणार आणि संवर्धकाशिवाय चित्राला कोणी हात लावणार नाही, एवढं हवंच. विमा भिंतीपासून भिंतीपर्यंतचा, म्हणजे तुमच्या खुंटीवरून उतरल्यापासून परत टांगेपर्यंतचा, आणि आधी ठरलेल्या किमतीचा असावा. फक्त दालनातला विमा घेतला तर रस्त्यावरचा धोका तुमच्या गळ्यात पडतो, आणि खरा धोका रस्त्यावरच असतो.

प्रकाश तैलचित्रावर २०० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आत, जलरंग किंवा रंगवलेला फोटो असेल तर ५० च्या आत. आर्द्रतेत आकड्यापेक्षा चढ-उतार कमी असणं महत्त्वाचं. खानापूर-जांबोटीच्या पावसातलं घर आणि अथणी-रायबागकडचं कोरडं घर यांत वाढलेली चित्रं वेगळी वागतात. पावसाळ्यात ओलीत राहिलेलं चित्र थेट वातानुकूलित दालनात गेलं की तळातला सरस आकसतो आणि रंग उडायला लागतो. म्हणून जून ते सप्टेंबर चित्र हलवूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले.

बांधाबांध

काच असेल तर तिच्यावर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे रंगावर पडणार नाहीत. टेप सोनेरी फ्रेमला लागू देऊ नका, मुलामा निघून येतो. काच नसेल तर फ्रेमच्या कोपऱ्यांना फोमचे ठोकळे लावून वरून आम्लरहित पातळ कागद असा ताणा की तो रंगाला टेकणार नाही. बबलरॅप रंगावर थेट कधीच नको. उन्हात गाडी तापली की व्हार्निश मऊ होतं आणि बुडबुड्यांच्या गोल खुणा कायमच्या उमटतात. कागदावरून गुंडाळायचं, बुडबुडे बाहेरच्या बाजूला ठेवून.

पेटी १२ मिलिमीटर प्लायवूडची, आतून सगळीकडे ५ सेंटिमीटर फोम, झाकण स्क्रूने बसवलेलं. खिळे ठोकायचे नाहीत, हातोड्याचा प्रत्येक घाव रंगाला जाणवतो. गाडीत पेटी उभी, गाडीच्या लांबीला समांतर आणि पट्ट्याने बांधलेली. आडवी ठेवली तर खड्ड्यागणिक कॅनव्हास ढोलासारखा वरखाली होतो. बेळगावहून मुंबई किंवा बेंगळूर दोन्हीकडे साधारण पाचशे किलोमीटर, म्हणजे दिवसभराचा रस्ता. उन्हात थांबा घेतला तरी गाडी सावलीत लावायची आणि एक माणूस गाडीजवळ ठेवायचा. पोचल्यावर पेटी २४ तास न उघडता दालनाच्या हवेत राहू द्या.

परत आल्यावर

इथेही तेच, २४ तास पेटी बंद. मग चौथी स्थितीनोंद. या प्रदर्शनाची चिठ्ठी मागून घ्या. संग्रहालय देतं, नसेल देत तर स्वतः तयार करा: संस्था, प्रदर्शन, तारखा, कॅटलॉग क्रमांक. ती कॅनव्हासला किंवा जुन्या पाठपट्टीला डकवायची नाही. कॅनव्हासवरचा गोंद पुढून डाग होऊन दिसतो. जुना पुठ्ठा आम्लरहित पाकिटात घालून चित्राच्या फाइलीत ठेवा, मागे नालीदार प्लास्टिकचा नवा पत्रा स्क्रूने लावा आणि चिठ्ठी त्यावर डकवा. सुटलेली जुनी चिठ्ठी असेल तर तीही पाकिटात, कुठल्या कोपऱ्यातून निघाली ते लिहून. कॅटलॉगच्या दोन प्रती घ्या, एक फाइलीत, एक गावच्या वाचनालयाला.

टांगताना जांभ्याच्या किंवा पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला नको. आतल्या भिंतीवर, उन्हाच्या तिरिपेपासून लांब. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल. नवी तार, दोन खिळे, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा उतरवून वाळवी, कसर, बुरशी बघायची.